रिकामी आलेली ताटली

रमजानमध्ये पहाटे साडेतीनच्या सुमारास आमचा मोहल्ला जागा होतो. कुठे मोबाइलचा गजर, कुठे कुकरची शिट्टी, कुठे तव्यावर पराठा पडल्याचा चर्र आवाज. शेजारचे हिंदू मित्र गमतीने म्हणतात, "सर, रोजे तुमचे आणि झोप आमची मोडते." त्यांचं खरं आहे. वर्षाच्या इतर दिवसांत त्या वेळी सगळं निजलेलं असतं. या एका महिन्यात मात्र भिंतीपलीकडचं बरंच काही ऐकू येतं. कोणाचं मूल उठायला कुरकुर करतंय, कोणाचं दूध उतू गेलं, कोण कोणावर ओरडतंय.

त्या ओरडण्याला आमच्याकडे एक तयार उत्तर आहे. "रोजा लग रहा है उनको." मराठीत सांगायचं तर उपवास डोक्यात गेलाय. दुपारनंतर चहा नाही, सिगारेट नाही, तंबाखू नाही. माणूस चिडणारच, अशी समजूत असते. बाहेर दुकानात गिऱ्हाइकासमोर, कचेरीत साहेबासमोर रोजा लागत नाही. घरी आल्यावर, इफ्तारीच्या भज्यांत मीठ जास्त झालं की लागतो. पैगंबर साहेबांची शिकवण अशी की, रोजात कुणी भांडायला आलं तरी आपण रोजादार असल्याचं सांगून बाजूला व्हावं. आम्ही त्याचा अर्थ उलटा करून ठेवला आहे. रोजादार आहे म्हणून ओरडतो, असं आम्ही म्हणतो आणि घरातल्या बायका ते मान्य करतात.

मलाही ते मान्य होतं, म्हणून एक जुनी गोष्ट आज लिहितो आहे. तिच्यातली बाई ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. माझ्या स्वतःच्या वागण्याचा तपशील बदललेला नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, नोकरीच्या सुरुवातीला आम्ही परभणीत भाड्याने राहत होतो. एकाच घराचे मध्ये भिंत घालून केलेले दोन भाग. पलीकडच्या भागात एक जोडपं, दोन लहान मुलं. नवरा भला माणूस. म्हणजे गल्लीला भला. कुणाची मय्यत झाली तर कबरस्तानात सगळ्यांत आधी हा. मशिदीत पंखा बंद पडला तर इलेक्ट्रिशियनला हा घेऊन येणार. मला रोज वाकून सलाम करायचा. बायको फारशी दिसायची नाही. परदेवाली असेल असं मी धरून चाललो होतो.

इफ्तारीच्या आधी शेजारी ताट पाठवायची आमच्यात रीत आहे. चार भजी, थोडी फळं, खजूर, कधी खिमा समोसे. मराठी घरांत वाटीबद्दल जी रीत आहे तीच आमच्याकडे ताटलीबद्दल: शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. पलीकडून ताटली यायची ती घासून, पुसून, लखलखीत. आणि रिकामी. तीन दिवस ओळीने रिकामी आल्यावर माझी पत्नी म्हणाली, "काहीतरी आहे." मी म्हटलं, विसरत असेल. ती म्हणाली, "जी बाई ताटली अशी पुसून देते ती साखर विसरत नाही. तिच्या हातात साखर नाहीये."

नंतर कळलं की हे अक्षरशः खरं होतं. स्वयंपाकघरातल्या कपाटाची किल्ली नवऱ्याच्या खिशात असायची. सकाळी तो तेल, पीठ, साखर मोजून काढून द्यायचा आणि कुलूप लावून दुकानाला जायचा.

बाकीच्या खुणाही माझ्या पत्नीलाच दिसत गेल्या. दार उघडायचं ते हातभर. फोनवर माहेरी बोलायची तर स्पीकर चालू ठेवून, नवरा समोर बसलेला. गल्लीतल्या बायकांच्या कुरआनखानीला बोलावलं तर "पूछ के बताती" म्हणायची आणि कधीच यायची नाही. एकदा हनुवटीखाली काळंनिळं दिसलं. "कुच नै भाभी, पाव फिसल्या." आठवड्याने मनगट सुजलेलं, पुन्हा पाय घसरलेला. एवढा कोरडा उन्हाळा, अंगणात पाण्याचा टिपूस नाही, आणि पाय घसरतोय.

आणि मला काय ऐकू येत होतं? मारहाण म्हणजे आरडाओरडा, रडारड असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. पलीकडून बाईचा आवाज कधी आलाच नाही. सहरीच्या वेळी त्याचा खालच्या पट्टीतला आवाज यायचा, मग भांडं पडल्यासारखं काहीतरी, मग एकदम शांत. मुलंही रडायची नाहीत. दोन-तीन वर्षांची मुलं घरात भांडं आपटलं तरी रडत नाहीत, याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

ईदनंतर तिचा भाऊ आला आणि तिला घेऊन गेला. दोन महिन्यांनी मशिदीलगतच्या खोलीत बैठक बसली. दोन्हीकडची वडीलधारी माणसं, जमातीचे चार लोक. शेजारी म्हणून मलाही बोलावलं. ती आईबरोबर पडद्यामागे दुसऱ्या खोलीत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मला विचारलं, "प्रोफेसर साब, आप तो बाजू में रहते. आपने कुच सुना?"

मी म्हणालो, "मियां-बीवी में थोडा-बहुत चलता है. खास कुच नहीं सुना."

भिंत एका विटेची होती. खोटं बोलायचं असं ठरवून मी गेलो नव्हतो. बैठकीतल्या सगळ्यांचे चेहरे मला सांगत होते की प्रकरण मिटायला हवं आहे, आणि 'खास' या शब्दाने ते मिटलं. माझ्या साक्षीवर विश्वास ठेवायला कुणाला अवघड गेलं नाही; शिकलेला माणूस, कशाला खोटं बोलेल? तिला सासरी परत पाठवलं. सव्वा वर्षाने ती पुन्हा माहेरी गेली ती कायमची. थपडेने एका कानाचा पडदा फाटला होता. वेळेवर डॉक्टरकडे नेलं नाही, कारण नेणारा तोच होता.

*

हे 'आमच्यात'च घडतं असं वाचकांपैकी कुणाला वाटत असेल तर ते बाजूला ठेवावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, लग्न झालेल्या 18 ते 49 वयाच्या बायकांपैकी देशात 29.3 टक्के आणि महाराष्ट्रात 25.2 टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात दर चौघींमागे एक. ज्यांनी अशी हिंसा सोसली त्यांच्यापैकी देशात 77 टक्के जणींनी ती कधी कुणाला सांगितली नव्हती, कुणाकडे मदतही मागितली नव्हती. त्याच सर्वेक्षणात, अमुक कारण असेल तर नवऱ्याने मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या बायका देशात 45 टक्के होत्या. पुरुष 44 टक्के. हा आकडा मी वर्गात सांगितला तेव्हा मुलं हसली आणि मुली गप्प राहिल्या.

म्हणी दोन्हीकडे आहेत. 'घरोघरी मातीच्या चुली', 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या मराठीतल्या. आमच्याकडे 'घर की बात घर में'. मुलीची पाठवणी करताना आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका म्हणायच्या की, ज्या घरात डोली उतरली तिथून आता जनाजाच निघावा. ते आशीर्वादाच्या सुरात म्हणत, रडत रडत. मराठी घरांतून 'दिल्या घरी' हे दोन शब्द तेवढंच सांगतात. मुलगी माहेरी येऊन काही सांगू लागली की दोन्हीकडे पहिला सल्ला एकच: थोडं सोस. आमच्याकडे त्याला सबर असा मोठा शब्द आहे. सबर म्हणजे संकटात खचून न जाणं. मार खात राहणं हा त्याचा अर्थ कुठल्या कोशात सापडत नाही. मी उर्दू शिकवतो, म्हणून एवढं सांगायचा हक्क घेतो.

मुस्लिम घरांत लपवण्याला आणखी एक कारण येऊन चिकटलं आहे आणि ते मोकळेपणाने सांगायला हवं. आपली बदनामी होईल ही भीती. आधीच वर्तमानपत्रांत, टीव्हीवर आपल्याबद्दल काय काय येतं. त्यात आपल्याच बाईने पोलीस ठाण्यात जाऊन आपल्याच माणसाविरुद्ध लिहून द्यायचं? मग तिला सांगितलं जातं की, कौमची इज्जत बघ. म्हणजे एका बाईच्या मनगटावर सगळ्या समाजाची इज्जत ठेवायची आणि ते मनगट ज्याने पिरगळलं त्याच्यावर काहीच नाही.

दुसऱ्या बाजूला, मुस्लिम बाईचा प्रश्न म्हणजे तलाक, एवढंच बाहेरच्या चर्चेत राहिलं आहे. 1966 साली हमीद दलवाई सात महिलांना घेऊन मुंबईत मोर्चा काढतात, तिथपासून 2017 चा सर्वोच्च न्यायालयाचा शायरा बानो निकाल आणि 2019 च्या कायद्यापर्यंत हाच धागा दिसतो. तो प्रश्न खोटा नव्हता. पण ज्या घरात तलाक झालेलाच नाही, नवरा तलाक देतही नाही आणि नीट नांदवतही नाही, त्या घरातल्या बाईकडे ना मोर्च्याचं लक्ष गेलं, ना मौलवींचं.

*

अशाच एका बाईची तक्रार कुरआनमध्ये आहे. तिच्यावरून एका सूरेचं नावच पडलं: सूरे मुजादिला, म्हणजे वाद घालणारी. अठ्ठाविसावा पारा तिथून सुरू होतो. रमजानच्या शेवटच्या रात्रींत तरावीहमध्ये ती सूरा वाचली जाते, आणि आम्ही पाचशे-सातशे पुरुष हात बांधून ती ऐकतो. अरबी कळणारे त्यात दहासुद्धा नसतात.

ती बाई म्हणजे खौला बिन्ते सअलबा. नवऱ्याने रागाच्या भरात तिला म्हटलं होतं की, तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी. अरबांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे एवढं म्हटलं की बाई अधांतरी लटकायची. धड बायको नाही, धड मोकळीही नाही. त्याला जिहार म्हणत. (ह्या शब्दाचा हल्ली गाजणाऱ्या दुसऱ्या शब्दाशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो.) खौला पैगंबर साहेबांकडे गेली. म्हणाली, तारुण्य याच्या घरात गेलं, मुलं झाली, आता म्हातारपणी हा असं बोलतो. पहिल्यांदा तिच्या मनासारखं उत्तर मिळालं नाही. ती उठून गेली नाही, पुन्हा पुन्हा बोलत राहिली, आणि शेवटी आयत उतरली ती तिच्या बाजूने. हजरत आयशा त्याच खोलीच्या एका कोपऱ्यात होत्या. त्या सांगतात की, तिचं बोलणं मलाही पुरतं ऐकू येत नव्हतं, पण अल्लाहने ते ऐकलं.

यात मला दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. एक, खौलाच्या नवऱ्याने हात उगारल्याची ही तक्रार नाहीच. तो फक्त एक वाक्य बोलला होता. त्या वाक्याने तिची काय अवस्था झाली, हे गंभीर मानलं गेलं. आणि दुसरी, प्रायश्चित्त पुरुषाने घ्यायचं होतं: एका गुलामाला मुक्त करणं, ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे, तेही होत नसेल तर साठ गरिबांना जेवण. बायकोला बोललेल्या एका वाक्यासाठी साठ रोजे! आणि आम्ही एका रोजाच्या नावावर तिच्यावर वाटेल ते बोलायची मुभा घेतो.

याच खौलाची पुढची गोष्ट अशी सांगतात की, हजरत उमर खलिफा असताना तिने त्यांना रस्त्यात थांबवलं आणि बराच वेळ सुनावलं. बरोबरचे लोक अवघडले. एका म्हातारीसाठी खलिफा उभा? उमर यांनी उत्तर दिलं ते या अर्थाचं की, जिचं म्हणणं सात आसमानांच्या वर ऐकलं गेलं, ते उमरने कसं ऐकू नये.

आता कुणी सूरे निसामधल्या त्या एका आयतीचं नाव काढेल. नेहमीच काढतात, आणि बहुतेक ज्यांनी बाकीची सूरा वाचलेली नसते ते. त्या आयतीच्या अर्थावर आजचे अभ्यासक वाद घालतातच. पण मक्केचे फार जुने फकीह अता इब्न अबी रबाह यांनीही नवऱ्याने मारू नये, फार तर नाराजी दाखवावी, असंच म्हटलं होतं. खुद्द पैगंबर साहेबांनी कुठल्या बायकोवर किंवा नोकरावर कधी हात उचलला नाही, हे हजरत आयशांनीच सांगून ठेवलं आहे. सुन्नतच्या नावाने दाढीची लांबी मोजणाऱ्यांनी ही सुन्नतही मोजावी.

त्याच सूरेत, लगेच पुढे, नवरा-बायकोत तेढ वाढली तर एक पंच त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा असावा असं सांगितलं आहे. माझ्या त्या बैठकीत सगळे पंच त्याच्या ओळखीचे होते, मीसुद्धा.

*

कायद्याबद्दल थोडं, कारण बहुतेकांना तो माहीतच नाही किंवा चुकीचा माहीत आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 सालचा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 ला. तो सगळ्या धर्मांच्या बायकांना सारखा लागू आहे. निकाह, तलाक, मेहर यांना तो हात लावत नाही. त्यात हिंसा म्हणजे फक्त मार नव्हे. शिवीगाळ, अपमान, लैंगिक जबरदस्ती, पैसे आणि घरखर्च रोखून धरणं, तिचा दागिना विकणं, हे सगळं कलम 3 मध्ये आहे. कपाटाला कुलूप लावणारा माणूस त्यात बसतो. आणि हा कायदा फक्त बायकोपुरता नाही; मुलगा आईला मारत असेल, भाऊ विधवा बहिणीला घराबाहेर काढत असेल, तर त्यांनाही तो वापरता येतो.

लोकांचा गैरसमज असा की तक्रार म्हणजे नवरा तुरुंगात आणि संसार संपला. ज्या बायका माझ्या पत्नीशी आजवर बोलल्या, त्यांच्यापैकी एकीलाही नवरा तुरुंगात जावा असं वाटत नव्हतं. मारणं थांबावं, मुलं जवळ राहावीत आणि डोक्यावरचं छप्पर जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. हा कायदा नेमकं तेच देतो. त्याला पुन्हा हिंसा करण्यास मनाई, राहत्या घरातून तिला काढता येणार नाही असा आदेश, खर्चाची रक्कम, मुलांचा ताबा. घर कुणाच्या नावावर आहे याने तिचा राहण्याचा हक्क जात नाही. न्यायालयाचा संरक्षण आदेश त्याने मोडला तर मात्र तो गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, 20 हजारांपर्यंत दंड. अर्ज माहेरच्या गावच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही करता येतो. वकिलाची फी नसेल तर विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं, आणि बाईसाठी त्याला उत्पन्नाची अट नाही. हे सगळं कागदावर सोपं आहे, प्रत्यक्षात तारखा पडतात, हेही सांगायला हवं. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. एवढ्या वेळात निकाल लागलेलं एकही प्रकरण माझ्या पाहण्यात नाही.

पण शेजाऱ्यांसाठी खरं महत्त्वाचं कलम चौथं. हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होणार आहे असं मानायला ज्याला कारण आहे, अशी कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. नातं असण्याची गरज नाही, धर्म एक असण्याचीही नाही. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्या व्यक्तीवर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. मी त्या बैठकीत बसलो होतो तेव्हा हे कलम लागू होऊन काही वर्षं झाली होती.

*

शेजारी काय करू शकतो? माझ्या पत्नीने त्या रमजानमध्ये जे केलं ते मला अजून कुठल्याही पुस्तकापेक्षा पटतं. तिने ताट मुलाच्या हाती पाठवणं बंद केलं. ती स्वतः घेऊन जायची, आणि वेळा बदलून. कधी अस्रनंतर, कधी इफ्तारीच्या तोंडावर, आणि पलीकडून तो भांडं पडल्याचा आवाज आला की लगेच. हातात वाटी, दारावर थाप. "थोडी हिरवी मिरची है क्या?" दार उघडावंच लागतं. हातातला हात खाली येतो. 2008 साली 'बेल बजाओ' नावाची मोहीम टीव्हीवर यायची, शेजाऱ्याने घंटी वाजवून काहीतरी क्षुल्लक मागायचं, ती जाहिरात तिने पाहिली होती की तिचं तिला सुचलं, मी विचारलं नाही. हे काम ताटलीमुळे आमच्या शेजारधर्मात सहज बसतं. दिवाळीचा फराळ, संक्रांतीचा तिळगूळ, ईदचा शिरखुर्मा; एकमेकांच्या दारात जायला आपल्याकडे कारणांची कमी नाही.

तिने नवऱ्याला जाब विचारला नाही. हेही बरोबर होतं. "तुझी बायको आमच्याजवळ रडली" असं कुणी मर्दानगी दाखवत जाऊन सांगितलं, तर त्याची वसुली रात्री तिच्याकडून होते. बाईला विचारायचं तर एकटीला, आणि सरळ: घरी भीती वाटते का? मग तिचं ऐकायचं. "मग सोडत का नाहीस?" हा प्रश्न तर विचारूच नये. घर सोडायची वेळ ही सगळ्यांत धोक्याची असते, हे ती आपल्यापेक्षा चांगलं ओळखून असते. आधार कार्ड, निकाहनाम्याची प्रत, मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पुस्तक यांचे फोटो कुणाच्या तरी फोनमध्ये ठेवता येतात. आमच्या शेजारणीची ही सगळी कागदपत्रं मागे राहिली आणि मुलांच्या शाळेच्या प्रवेशाला वर्ष गेलं. जिवावर बेतत असेल तेव्हा मात्र तिच्या परवानगीची वाट न पाहता 112 लावावा.

खुणा दिसतात त्या प्रत्येकाला वेगळ्या. डॉक्टरला त्या दिसतात कारण जखम एक सांगते आणि सोबत आलेला नवरा दुसरं. तो बाईला बोलूच देत नाही. मुंबईत भाभा रुग्णालयात 2000 पासून 'दिलासा' नावाचा विभाग चालतो, तिथे परिचारिका आणि डॉक्टरांना हेच शिकवलं जातं की नवऱ्याला बाहेर बसवून बाईशी बोला. आपल्या गावातल्या दवाखान्यांत एवढं तरी करता येईल. शिक्षकांना मूल सांगतं, बहुतेक चित्रातून नाहीतर गप्प बसून. दुकानदाराला दिसतं की ही बाई कधी स्वतः पैसे देत नाही आणि पाच रुपयांचा हिशेब दोनदा मोजते. शिंप्याला, पार्लरवालीला, आशाताईला, मोहल्ल्यातल्या कुरआन शिकवणाऱ्या आपांना बरंच काही माहीत असतं. महाराष्ट्रात अनेक पोलीस ठाण्यांत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष आहेत, 1984 मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने ते काम सुरू केलं. तिथे गणवेशातला पोलीस बसत नाही, समाजकार्यकर्ती बसते. हे सांगितलं तरी निम्म्या बायकांची भीती कमी होते.

आमच्या जमातींनाही दोन गोष्टी आजच्या आज करता येतील. बैठक घ्यायचीच असेल तर आधी तिला एकटीला, तिच्या विश्वासाच्या बाईसमोर, विचारावं. आणि जिथे हात उचलला गेला आहे तिथे समझोत्याचा आग्रह धरू नये. दुसरी गोष्ट जकातची. या महिन्यात बैतुलमालच्या याद्या होतात. विधवा, यतीम, तलाकशुदा असे रकाने असतात. ज्या बाईचा नवरा हयात आहे, कमावता आहे, पण तिच्या हातात साखरेचा दाणा नाही, तिला रकाना नाही. कोर्टाच्या तारखेला जायचं बसभाडं, दोन महिन्यांचं खोलीभाडं यासाठी तिला मदत लागते. जकात कशी द्यायची याचा मसला मुफ्तींना विचारावा, पण रकाना काढायला फतव्याची गरज नाही.

मशिदीतून दरवर्षी सहरी-इफ्तारच्या वेळांचं कार्ड छापलं जातं. खाली मेडिकल, कपडे, मोबाइलवाल्यांच्या जाहिराती असतात. ते कार्ड प्रत्येक घरात जातं आणि लागतं कुठे, तर स्वयंपाकघरात, घड्याळाशेजारी. बाई महिनाभर दिवसातून दोनदा त्याच्याकडे बघते, आणि नवऱ्याला त्याचा संशय यायचं कारण नाही. त्या कार्डावर महिला हेल्पलाइनचा 181 हा क्रमांक छापावा, असं मी यंदा आमच्या कमिटीला सुचवलं. एक म्हणाले जागा नाही. दुसरे म्हणाले, लोक काय समजतील, आपल्याच मोहल्ल्यात हे लागतं? मेडिकलवाले आमचे जुने शेजारी आहेत, गणपतीत त्यांच्याकडे मोदक खायला आम्ही असतोच. त्यांना सांगितलं तर म्हणाले, माझ्या जाहिरातीतली एक ओळ काढा आणि तिथे टाका. तोवर कार्डं छापून झाली होती. पुढच्या वर्षीच्या कार्डाचा मजकूर शाबानमध्ये ठरतो. त्या बैठकीला मी जाणार आहे.